गुण न देणारा माणूस

माध्यमिक शाळेची वर्षे, म्हणजे साधारणतः आठवी ते दहावी, ही मानसिक आरोग्याच्या दृष्टीने आयुष्यातील अत्यंत नाजूक वर्षे असतात, हे आता निव्वळ पालकांच्या अनुभवाचे विधान राहिलेले नाही. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार जडला, त्यांपैकी निम्म्या जणांत त्याची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली होती. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि हेच प्रमाण इथे गृहीत धरले, तर साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत अशी सरासरी चार मुले बसलेली असतात, आणि त्यांच्याविषयी वर्गशिक्षकांना बहुतेक वेळा एवढेच ठाऊक असते, की हा मुलगा हल्ली गप्प असतो किंवा ही मुलगी वरचेवर पोट दुखते म्हणून घरी जाते.

मानसिक विकार म्हणजे ठरावीक लक्षणांचा असा समूह, जो पुरेसा काळ टिकतो आणि अभ्यास, झोप, भूक, मैत्री अशा रोजच्या व्यवहारांत अडथळा आणतो; त्याचे निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. भावनिक स्वास्थ्याची कक्षा याहून बरीच मोठी आहे. आपल्याला काय वाटते ते ओळखता येणे, ते कुणाजवळ तरी बोलता येणे, अपयश आणि अपमान पचवून पुन्हा उभे राहता येणे आणि आपण या जागेचे आहोत असे वाटणे, हे सगळे त्यात येते. ज्याला कोणताही विकार नाही अशा मुलाचेही स्वास्थ्य ढासळलेले असू शकते, आणि उपचार चालू असलेली एखादी मुलगी शाळेत रमलेली असू शकते. निदान करणे हे शाळेचे काम नव्हे आणि तसा आव शाळेने आणूही नये. भावनिक स्वास्थ्य मात्र रोज सहा-सात तास शाळेच्या आवारातच घडत किंवा बिघडत असते, आणि त्याची जबाबदारी शाळेला टाळता येत नाही.

या वयाच्या नाजूकपणाला शरीराचाही आधार आहे. किशोरवयात मेंदूतील भावनांशी आणि सुखाच्या ओढीशी संबंधित भाग लवकर सक्रिय होतात, तर परिणामांचा विचार करून आवेग आवरणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे मित्रांसमोर झालेला अपमान चौदाव्या वर्षी जितका खोल जातो तितका तो चाळिशीत जात नाही, आणि 'एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं' हे मोठ्यांचे वाक्य मुलाच्या लेखी निरर्थक ठरते. याच वयात झोपेची वेळही पुढे सरकते, कारण झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांच्या झोपेची असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला आणि तो योग्यच होता. परंतु दोन सत्रांत भरणाऱ्या अनेक शहरी शाळांत माध्यमिकचे वर्ग सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, आणि पहाटे उठणे शारीरिकदृष्ट्या सर्वांत जड जाते ते नेमके याच मुलांना. वेळापत्रकाकडे मानसिक आरोग्याचा विषय म्हणून पाहण्याची सवय शिक्षणव्यवस्थेला अद्याप लागलेली नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा दहावीच्या परीक्षेपाशी सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. परीक्षेचा ताण खराच आहे, आणि तो हलका करण्याचे काही प्रयत्नही झाले आहेत: अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली, गुणपत्रिकेवरील 'अनुत्तीर्ण' हा शिक्का जाऊन कौशल्यविकासाच्या अभ्यासक्रमासाठी पात्रतेचा शेरा आला, आणि परीक्षेच्या काळात राज्य मंडळाकडून समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर होतात. परंतु केवळ परीक्षेकडे पाहिल्याने चित्र अपुरे राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही आले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. परीक्षेतील अपयश हे कारण मात्र २,२४८ मृत्यूंपुढेच नोंदलेले होते. पोलिसांच्या नोंदीतले एकच एक कारण कधीच पुरेसे नसते, कारण आत्महत्येमागे बहुतांशी अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. तरीही या दोन आकड्यांमधील अंतर हे सांगते, की घरातील भांडणे, छळ, प्रेमसंबंध, एकटेपणा, न ओळखलेले नैराश्य हे सारे निकालाच्या दिवसाची वाट पाहत थांबत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आसपास आईवडील कारखान्यांच्या परिसरात गेल्यावर आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. नववीतल्या एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी घरात तिच्या अपरोक्ष चालू असतात. प्राथमिक शाळा मराठीत केलेला मुलगा आठवीत विज्ञान-गणित एकाएकी इंग्रजीतून शिकू लागतो आणि आपण मठ्ठ आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतो. यांपैकी कशाचेही उत्तर परीक्षेच्या काळातल्या दूरध्वनी क्रमांकात नाही.

मग शाळेने करायचे काय, हा प्रश्न गेल्या दोन-तीन दशकांत जगभर प्रयोगांनी तपासला गेला आहे, आणि त्यांतून मिळालेली उत्तरे शाळांच्या नेहमीच्या समजुतींना धक्का देणारी आहेत. सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे वेळापत्रकात एक तास वाढवणे आणि त्यात सगळ्या मुलांना ताण हाताळण्याचे तंत्र शिकवणे. ब्रिटनमध्ये हा उपाय 'मिरिअड' या नावाने ऐंशीहून अधिक शाळांतील अकरा ते तेरा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर पारखला गेला. त्यात सजगतेचे, म्हणजे आपले विचार आणि श्वास यांकडे शांतपणे लक्ष देण्याचे शिक्षण शाळेतल्याच शिक्षकांनी दिले, परंतु २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्याचा काहीही अधिक लाभ दिसला नाही. याउलट युरोपातील दहा देशांमधल्या १६८ शाळांत, अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसह, दानुता वासरमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'सेले' या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा तीन पद्धतींपैकी एक ठळकपणे यशस्वी ठरलेली होती. शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवणे ही पहिली पद्धत आणि प्रश्नावली भरून घेऊन जोखमीची मुले हेरणे ही दुसरी, या दोन्हींचा आत्महत्येच्या प्रयत्नांवर लक्षणीय परिणाम झाला नाही. तिसऱ्या पद्धतीत बाहेरून आलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने मुलांकडूनच प्रसंगनाट्ये करवून घेतली, त्यांच्याच तोंडून त्यांच्या अडचणी बोलत्या केल्या आणि हे सारे चार आठवड्यांत पाचएक तासांत उरकले. वर्षभरानंतर त्या शाळांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा सुमारे निम्मे होते.

भारतीय शाळांसाठी मात्र सर्वांत मोलाचा पुरावा बिहारमधून आलेला आहे, आणि त्याचे एक मूळ गोव्यात आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने, सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग केला. या शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करण्यात आले. सर्व शाळांत जीवनकौशल्यांचा एक शासकीय वर्गपाठ आधीपासून चालू होता. पहिल्या गटात त्याच्या जोडीला पूर्णवेळ काम करणारा एक समुपदेशक नेमला गेला, दुसऱ्या गटात तेच सगळे काम शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवले गेले, आणि तिसऱ्या गटात केवळ वर्गपाठच राहिला. पहिल्या गटातील समुपदेशक मानसशास्त्राचे तज्ज्ञ नव्हते; ते स्थानिक पदवीधर होते आणि त्यांना 'सेहर मित्र' म्हटले जात असे.

या मित्रांचे काम तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण त्यातील फार थोडा भाग एकेकट्या मुलाशी बंद खोलीत बोलण्याचा होता. ते प्रार्थनेच्या वेळी एखादा विषय मुलांसमोर मांडत, दरमहा निघणाऱ्या भित्तिपत्रकासाठी मुलांकडून लेखन करवून घेत, वर्गावर्गांतून मुलामुलींचे गट बांधत, मुख्याध्यापक, पालक आणि विद्यार्थी यांची समिती चालवत, आणि शाळेत लावलेल्या पेटीतल्या निनावी चिठ्ठ्या वाचून त्या समितीपुढे ठेवत. महाराष्ट्रातील शाळांनाही तक्रारपेटी नवी नाही, आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्याही २०२२ पासून कागदोपत्री आहेत. फरक इतकाच, की 'सेहर'च्या पद्धतीत पेटी ठरल्या दिवशी उघडली जाते, चिठ्ठीचे पुढे काय झाले हे सर्वांना कळते, आणि हे करणे कुणाचे तरी मुख्य काम असते. बंद पडलेल्या स्वच्छतागृहाविषयीची चिठ्ठी टाकल्यावर आठवडाभरात ते दुरुस्त झालेले पाहिले, की तीच मुलगी पुढच्या महिन्यात आपल्याला रोज वाटेत त्रास देणाऱ्याविषयी लिहिण्याचे धाडस करते.

नववीच्या तेरा-चौदा हजार विद्यार्थ्यांकडून वर्षाच्या आरंभी आणि आठ महिन्यांनंतर माहिती घेण्यात आली. मुख्य मोजमाप होते शाळेच्या वातावरणाचे, आणि ही संज्ञा नीट समजून घेतली पाहिजे. शिक्षक आणि सोबती यांच्याशी असलेले नाते, आपण या शाळेचे आहोत ही भावना, शाळेच्या निर्णयांत मिळणारा सहभाग आणि अभ्यासाविषयीची बांधिलकी, या चार गोष्टी मुलांना स्वतःला कशा जाणवतात, त्यावरून हे वातावरण मोजले जाते. 'सेहर मित्र' असलेल्या शाळांत ते मोठ्या प्रमाणात सुधारले, आणि त्याबरोबर नैराश्याची लक्षणे, चिडवाचिडवी व दादागिरी, आणि हिंसा यांचे प्रमाण घटले व मुलगा-मुलगी समानतेविषयीची मते अधिक अनुकूल झाली. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षाच्या पाहणीत तर परिणाम ओसरण्याऐवजी वाढलेला दिसला. शिक्षकांकडे हेच काम सोपवलेल्या शाळा आणि नुसता वर्गपाठ असलेल्या शाळा यांच्यात मात्र काहीच फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांवरील ठपका म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. माध्यमिक शिक्षकाच्या वाट्याला आठवड्याचे तास, उत्तरपत्रिका, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीचे आणि सर्वेक्षणांचे काम एवढे येते, की त्यात भर घातलेली जबाबदारी सर्वांत शेवटी उरते, आणि शेवटी उरलेले काम बहुधा होत नाही. परंतु वेळेपेक्षाही मोठी अडचण भूमिकेची आहे. जो माणूस गुण देतो, प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करतो, पालकसभेत वडिलांसमोर प्रगती सांगतो आणि शिस्तीसाठी ओरडतो, त्याच्याजवळ मुलाने मनातले सांगावे ही अपेक्षा मुलाच्या दृष्टीने पाहिली तर अवाजवी आहे. तो शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी त्याच्या हातात सत्ता आहे, आणि ती मुलाला सतत दिसत असते. ज्याच्याकडून काही मिळवायचे नाही आणि ज्याला घाबरायचे नाही, असा एक प्रौढ माणूस शाळेच्या आवारात रोज उपलब्ध असणे, हे 'सेहर'च्या यशाचे मर्म आहे असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

असा माणूस तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही, हेही 'संगाथ'च्याच पुढच्या कामातून दिसले. दिल्लीतील सरकारी माध्यमिक शाळांत 'प्राइड' या प्रकल्पात अल्प प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मुलांना समस्या-निराकरणाची पद्धत शिकवली: मनावरच्या ओझ्यातून एक नेमकी अडचण वेगळी काढायची, तिच्यावरचे शक्य ते मार्ग लिहायचे, त्यांतला एक निवडून करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत त्याचे काय झाले ते बोलायचे. जेमतेम चार-पाच छोट्या भेटींत, नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांच्या तुलनेत, मुलांना आपल्या अडचणींचा जाच अधिक कमी वाटू लागला. विकाराच्या लक्षणांवर मात्र सहा आठवड्यांत तेवढा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि ही मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. गंभीर नैराश्य चार भेटींत बरे होत नाही, त्यासाठी पुढच्या पायरीवरचे उपचार लागतात.

ती पायरी कधी गाठायची हे ओळखण्यासाठी शाळेतील प्रत्येक प्रौढाला काही गोष्टी माहीत असाव्यात. किशोरवयातील नैराश्य उदास चेहऱ्याने येईलच असे नाही. चिडचिड, उद्धटपणा, वारंवार डोके किंवा पोट दुखणे, आवडत्या खेळातून अंग काढून घेणे, गुणांची अचानक घसरण अशा रूपांतही ते येते, आणि असे बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर त्यांना 'वय आहे' म्हणून सोडून देणे योग्य नाही. मरणाचा विचार मनात येतो का, हे थेट आणि शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, असे संशोधन सांगते. उलट कुणीतरी विचारले याचाच पुष्कळांना आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर मुलाला एकटे सोडू नये, पालकांना त्याच दिवशी विश्वासात घ्यावे आणि जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी संपर्क साधावा. समुपदेशकाला सांगितलेले त्याने गुप्त ठेवणे, म्हणजे गोपनीयता, हा या कामाचा कणा आहे, परंतु तिला दोन अपवाद आहेत आणि ते मुलाला पहिल्याच भेटीत सांगावे लागतात: जिवाला धोका असेल तेव्हा, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळेल तेव्हा, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद आधी न सांगता नंतर अमलात आणले, तर एका मुलीचाच नव्हे, सगळ्या वर्गाचा विश्वास जातो.

शाळा स्वतः किती दुखापत करते, हाही प्रश्न याच प्रकरणात येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे, परंतु तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता असल्याने नववी-दहावीतील पुष्कळ विद्यार्थी त्याच्या छत्राबाहेर राहतात. गुणांनुसार तुकड्या पाडण्याची रीत महाराष्ट्रात अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे, आणि 'अ' तुकडीत न बसलेल्या मुलाला दरवर्षी जूनमध्ये त्याची पायरी शाळा स्वतः दाखवून देते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत गुणांवरून गट पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे यांपासून शिक्षणसंस्थांनी, विशेषतः शिकवणी वर्गांनी, शक्य तितके दूर राहावे असे सांगितले आहे. ज्या संस्थेत शंभर वा अधिक विद्यार्थी आहेत तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यांत आहे. स्वतंत्र कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

केंद्र शासनाच्या २०२० मधील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना 'आरोग्य व कल्याण दूत' नेमून त्यांच्याकडे अकरा विषयांचे वर्गपाठ दिलेले आहेत, आणि भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा त्यांतला एक विषय आहे. हा पाठ्यक्रम वाईट नाही आणि तो शिकवला जावाच. परंतु त्याचा साचा नालंदातील दुसऱ्या गटासारखा आहे, आणि त्या गटाला काय साध्य झाले हे वर आलेच आहे. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांना समुपदेशकाचे पद खर्चिक वाटते. ग्रामीण भागात दोन-तीन शाळांनी मिळून एक माणूस नेमणे, जवळच्या महाविद्यालयातून समाजकार्य वा मानसशास्त्र शिकलेल्या पदवीधरांना घेऊन त्यांना प्रशिक्षण देणे, आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी जिल्ह्यातील मनोविकारतज्ज्ञाचा महिन्यातून एक दिवस मागून घेणे, हे अशक्य नाही. मात्र अशा माणसाला शिक्षकांच्या गैरहजेरीत तासांवर पाठवायचे नाही, परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून बसवायचे नाही आणि मुलांनी सांगितलेले मुख्याध्यापकांच्या कानावर घालण्याची अपेक्षा ठेवायची नाही, एवढे पथ्य संस्थेने पाळले पाहिजे. नाहीतर थोड्याच दिवसांत तोही मुलांच्या लेखी आणखी एक सर होऊन बसतो.

असा माणूस मिळेपर्यंत प्रत्येक शाळेने आजच करण्याजोगी एक गोष्ट आहे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तो रात्रंदिवस उचलला जातो आणि त्यावर मराठीत बोलता येते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही तसाच आहे. हे दोन्ही क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत न लावता वर्गांत, वसतिगृहांत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी पाहत नसताना लिहून घेता येतील तिथे, मोठ्या अक्षरांत लावावेत.